मेंदूच्या गाठीचे शेक आणि टेमोझोलोमाइड : सहा आठवडे कॅप्सूलची वेळ कशी सांभाळायची

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतली गाठ शेकाला, म्हणजे रेडिओथेरपीला, सहजासहजी दाद देत नाही. शेकाचे किरण पेशीतला डीएनए तोडतात, पण या गाठीच्या पेशी तुटलेलं पटापट सांधतात आणि पुन्हा वाढू लागतात. ते सांधकाम जमू द्यायचं नाही, म्हणून शेकाच्या जोडीला टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची कॅप्सूल देतात, शेकाच्या तासभर आधी. युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००५ साली आले आणि तेव्हापासून हीच पद्धत रूढ झाली. नुसते शेक घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी १०.४ टक्के हयात होते. शेकाबरोबर आणि नंतरही कॅप्सूल घेतलेल्यांपैकी २६.५ टक्के. आजार मुळातून जातो असं हे आकडे म्हणत नाहीत, पण जास्तीचा मिळालेला काळ खरा आहे आणि त्यासाठी झटणं सार्थकी लागतं.

हे उपचार आता नाशिकमध्येही मिळतात. त्यामुळे निफाड, दिंडोरी, कळवण, सटाण्याहून रोज येऊन-जाऊन शेक घेणारेही असतात. डोस, शेकांची संख्या, औषधं हे सगळं डॉक्टर ठरवतात. पण सहा आठवडे रोज कॅप्सूल किती वाजता पोटात गेली, त्याआधी काय खाल्लं होतं, रक्ताचा रिपोर्ट कुणी पाहिला, हे घरचं माणूस सांभाळतं. हे लिखाण त्या माणसासाठी आहे.

तासभर आधीच का?

टेमोझोलोमाइड पोटातल्या आम्लात टिकून राहतं. रक्तात गेल्यावर मात्र ते आपोआप फुटतं आणि त्यातून तयार होणारं रसायन डीएनएला नको त्या जागी चिकटतं. रिकाम्या पोटी घेतलं तर साधारण तासाभरात रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त होतं आणि पुढच्या पावणेदोन-दोन तासांत निम्म्यावर येतं. शेक सुरू असताना औषध जोरावर असावं, म्हणून एक तास आधी. भरल्या पोटी घेतलं तर हाच उच्चांक सुमारे दोन-सव्वादोन तासांवर जातो आणि जवळजवळ एक तृतीयांशाने कमी भरतो. सकाळी मिसळ-पाव खाऊन लगेच कॅप्सूल घेतली, तर औषध चढायच्या आत शेक आटोपून माणूस बसमध्ये बसलेला असतो.

शनिवार-रविवारी शेक नसतात, तरी कॅप्सूल का, हा प्रश्न हमखास येतो. गाठीच्या पेशीत एमजीएमटी नावाचं प्रथिन असतं, ते औषधाने केलेली इजा दुरुस्त करतं. पण त्याचा एक रेणू एकच दुरुस्ती करू शकतो, काडेपेटीतल्या काडीसारखा. रोज थोडं थोडं औषध देत राहिलं की पेशीकडचा हा साठा आटत जातो. मधे दोन दिवस मोकळे सोडले तर तो भरून निघायला वाव मिळतो. म्हणून कॅप्सूल शेकाच्या पहिल्या दिवशी सुरू होते आणि सुट्टी न घेता साधारण ४२ दिवस चालते. शेक लांबले तर डॉक्टर ती ४९ दिवसांपर्यंत वाढवू शकतात.

सुरू होण्याआधी

ऑपरेशननंतर जखम भरली की शेक सुरू करतात, साधारण तीन ते सहा आठवड्यांत. हा मधला वेळ वाया घालवू नका.

पहिलं काम म्हणजे गाठीचा मेणातला ठोकळा, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, ताब्यात घेणं. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. एमजीएमटी मिथायलेशन आणि आयडीएच (गाठीचा प्रकार ठरवायला पाहतात ते जनुक) या तपासण्या ब्लॉकवरच होतात. काही जणांच्या गाठीत एमजीएमटीचं जनुक मिथायलेशनमुळे, म्हणजे त्यावर बसलेल्या रासायनिक खुणेमुळे, बंद पडलेलं असतं, त्यामुळे दुरुस्तीचं प्रथिन तयारच होत नाही. २००५ च्या चाचणीत ज्यांच्या गाठी तपासता आल्या, त्यांतल्या ४५ टक्क्यांचं असं होतं. अशा रुग्णांपैकी शेकाबरोबर कॅप्सूल मिळालेले निम्मे २१.७ महिन्यांपुढे गेले, नुसते शेक मिळालेले १५.३ महिन्यांपुढे. जनुक चालू असेल तर कॅप्सूलचा फायदा बराच कमी होतो, तरीही बहुतेक ठिकाणी ती देतात. वय जास्त असेल किंवा प्रकृती तोळामासा असेल तर मात्र या रिपोर्टवर निर्णय फिरू शकतो. सहा आठवड्यांत ६० ग्रेचे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) ३० शेक द्यायचे, की तीन आठवड्यांत ४० ग्रेचे १५, हा तो निर्णय. ऑपरेशन मुंबईला झालं असेल तर ब्लॉक तिथल्या पॅथॉलॉजी विभागातून लेखी अर्ज देऊन आणावा लागतो. रुग्णाचं ओळखपत्र आणि केस पेपर बरोबर न्या.

दुसरं काम डोक्याच्या मास्कचं. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीची प्लास्टिक शीट चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती कडक होते आणि पुढे रोज त्याच साच्यात डोकं अडकवून शेक देतात. इथे मिलिमीटरचा हिशोब असतो. म्हणून केस कापायचे असतील तर मास्क बनण्याच्या आधी कापा. नंतर हजामत केली, की मास्क सैल होतो आणि आत डोकं हलतं. बाईमाणसाने जाड वेणी किंवा अंबाडा घालून मास्क बनवून घेऊ नये; केस मोकळे सोडावेत किंवा मानेच्या खाली सैल बांधावेत. उलटा प्रकारही होतो. स्टेरॉइडने तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चेहरा सुजतो, मास्क आवळतो, कपाळावर आणि हनुवटीवर जाळीचे वळ उठतात. ते सोसत पडून राहू नका, टेक्निशियनला त्याच दिवशी सांगा. गरज पडली तर नवा मास्क करतात.

रक्ततपासणीत हिमोग्राम, लिव्हर, किडनी यांच्याबरोबर हिपॅटायटिस बी झाली आहे ना, हे पाहून घ्या. जुना दबलेला विषाणू या औषधाने उसळू शकतो. तरुण रुग्णाला पुढे मूल हवं असेल तर वीर्य किंवा बीज साठवण्याचं पहिल्या कॅप्सूलच्या आधीच विचारा. उपचारात गर्भ राहता कामा नये. औषध संपल्यावरही बाईने सहा महिने, पुरुषाने तीन महिने काळजी घ्यायची असते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार असतील तर रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आरोग्यमित्राकडून आधी तपासून घ्या. मंजुरी शेकांची आहे की कॅप्सूलचीही, हे स्पष्ट विचारा. शेक सुरू झाले आणि कॅप्सूल मंजुरीत अडकली, तर सगळं गणित बिघडतं.

डोस पडताळून पाहा

शेकाच्या काळातला डोस शरीराच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम असतो. क्षेत्रफळ काढायची रीत सोपी आहे: उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोमध्ये, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. १६५ सेंटिमीटर उंची आणि ६० किलो वजन असेल तर ९९०० भागिले ३६०० म्हणजे २.७५, वर्गमूळ साधारण १.६६. त्याला ७५ ने गुणलं की १२४ मिलिग्रॅम. कॅप्सूल १०० आणि २० मिलिग्रॅमच्या मिळतात, म्हणून डॉक्टर १०० ची एक आणि २० ची एक, असे १२० लिहितील. ४२ दिवसांना दोन्हींच्या ४२-४२ कॅप्सूल.

हे गणित डॉक्टरांवर अविश्वास म्हणून करायचं नाही. शेक संपल्यानंतर हेच औषध वेगळ्या मापाने देतात: २८ दिवसांत फक्त पाच दिवस, पण १५० ते २०० मिलिग्रॅम दर चौरस मीटरला. म्हणजे याच रुग्णाला रोज २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. हा पाच दिवसांचा डोस चुकून रोज चालू राहिला तर रक्तपेशी कोसळतात आणि जीव जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर 'रोज' की 'पाच दिवस' हे वाचा, आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या पाकिटावरचे मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहा. घरात दोन्ही टप्प्यांचा माल एकत्र ठेवू नका.

रोजचं घड्याळ

समजा शेकाची वेळ सकाळी ११ ची आहे. सातच्या सुमाराला हलका नाश्ता: उपमा, पोळी-भाजी, नाचणीची पेज. त्यावर डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड), कारण ते भरल्या पोटी आणि सकाळीच घ्यायचं. आकडीची गोळी तिच्या ठरल्या वेळेला. साडेसात-आठनंतर पाण्याशिवाय काही नाही, चहासुद्धा नाही. साडेनऊला उलटी थांबवणारी ऑन्डान्सेट्रॉन. दहाला टेमोझोलोमाइड, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, अख्खी. अकराला शेक. त्यानंतर जेवण.

कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही, गुळात किंवा केळ्यात कोंबून द्यायची नाही. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. घरी उघडून पाण्यात कालवू नका, ती पूड कातडीला आणि श्वासाला घातक आहे. देणाऱ्याने हातमोजे घालावेत किंवा कॅप्सूल थेट झाकणात घेऊन रुग्णाच्या हाती द्यावी. घरात गरोदर बाई असेल तर तिने हात लावू नये. रुग्णाला उलटी झाली तर ती हातमोजे घालूनच साफ करा. औषध कोरड्या, थंड जागी ठेवा. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवलेलं पाकीट भट्टीत ठेवल्यासारखंच आहे.

शनिवार-रविवारी सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटीच घ्या, तासाभराने नाश्ता. वेळ फार हलवू नका.

एका पानाची वही करा: तारीख, कॅप्सूलची वेळ, शेकाची वेळ, उलटी, ताप. मोबाइलवर नको. चार माणसं आळीपाळीने रुग्णाबरोबर जातात, तेव्हा काल कुणी काय दिलं हे कागदावर दिसलं पाहिजे.

घडी विस्कटते तेव्हा

कॅप्सूल घेतल्यावर उलटी झाली तर त्या दिवशी दुसरी देऊ नका. किती औषध आत गेलं हे कळत नाही आणि डबल डोसचा धोका उलटीपेक्षा मोठा असतो. दुसऱ्या दिवशी नेहमीची वेळ. रोजच उलटी होत असेल तर ऑन्डान्सेट्रॉन आणि कॅप्सूल यांच्यातलं अंतर तपासा. बहुतेक वेळा दोन्ही एकदम गिळलेल्या असतात. ऑन्डान्सेट्रॉनने पोट घट्ट धरतं. इसबगोल आणि भरपूर पाणी पहिल्या आठवड्यापासून सुरू करा, कुंथून डोक्यावर ताण येऊ देऊ नका.

कॅप्सूल घेतली आणि मशीन बंद पडलं, तर संध्याकाळी शेक मिळाला तरी दुसरी कॅप्सूल घ्यायची नाही. मशीन दिवसभर बंदच राहिलं तरी त्या दिवसाची कॅप्सूल मोजली जाते. म्हणून कॅप्सूल देण्याआधी सेंटरला फोन करून मशीन चालू आहे ना, किती उशीर आहे, हे विचारायची सवय लावा. दोन मिनिटांच्या फोनने दिवस वाचतो.

शेक मात्र चुकवू नका. दोन शेकांमधली जास्तीची प्रत्येक सुट्टी गाठीला वाढायला वेळ देते. चुकलेले शेक भरून काढायला डॉक्टर शनिवारी बोलावतात किंवा एका दिवसात किमान सहा तासांच्या अंतराने दोन देतात, पण तो नाइलाज आहे. गणपती, दिवाळीत सेंटर कधी बंद आहे ते आधी विचारून घ्या. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत पंचवटी आणि गोदाघाटाकडचे रस्ते बंद राहतील; त्या काळात शेक असतील तर मुक्काम सेंटरच्या बाजूलाच ठेवा. एरवीही सुरगाणा, कळवण, बागलाणच्या रुग्णाला चौथ्या आठवड्यापासून शहरात ठेवणं बरं. तेव्हा थकवा वाढतो आणि घाटातला रोजचा प्रवास अंगावर येतो.

रक्ताचा रिपोर्ट

दर आठवड्याला हिमोग्राम. गुरुवारी रक्त द्या, म्हणजे शुक्रवारी रिपोर्ट डॉक्टरांच्या हाती असतो आणि शनिवार-रविवारच्या कॅप्सूलचा निर्णय आधीच होतो. सोमवारी दिलं तर आधीचे दोन दिवस अंधारात गेलेले असतात.

रिपोर्टमध्ये दोन आकडे शोधा. प्लेटलेट एक लाखाच्या वर हव्यात. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या वर हवेत, पण रिपोर्टवर अनेकदा नुसते टक्के असतात, तेव्हा गुणाकार करा. एकूण पांढऱ्या पेशी २८०० आणि न्यूट्रोफिल ४८ टक्के असतील तर १३४४. 'टक्केवारी नॉर्मल' म्हणून हा रिपोर्ट सहज नजरेतून सुटतो, पण इथे कॅप्सूल थांबवावी लागते. असा आकडा दिसला की लगेच फोन करा. कॅप्सूल थांबली तरी शेक सहसा चालू राहतात. आपण होऊन शेकाला दांडी मारू नका. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली किंवा प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्या तर शेकाबरोबरची कॅप्सूल कायमची बंद करतात.

लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीही घटतात, त्यातून न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनिया होऊ शकतो. तो टाळायला कोट्रायमोक्साझोल हे सल्फाचं औषध देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. निफाड-लासलगाव भागातल्या घरांसाठी एक खास सूचना: कांद्याच्या चाळीत कांद्यावरची काळी बुरशी उडते. स्टेरॉइड आणि टेमोझोलोमाइड चालू असलेल्या माणसाने चाळीत, धान्याच्या कोठीत किंवा द्राक्षबागेत फवारणी चालू असताना जाऊ नये. द्राक्षं खायला हरकत नाही, नीट धुऊन.

ताप १०० फॅरनहाइटच्या वर गेला तर तापाची गोळी देऊन रात्र काढू नका, हॉस्पिटलला फोन करा. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला मोठा संसर्ग होऊनही ताप फारसा चढत नाही, हे लक्षात ठेवा.

सूज आणि आकडी

डेक्सामेथासोन मेंदूची सूज उतरवतं. डोकं दुखायचं थांबलं म्हणून ते एकदम बंद केलं तर सूज आणि उलट्या परततात, शिवाय शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं. डॉक्टर सांगतील तसं टप्प्याटप्प्याने कमी करा. दिवसात दोनदा असेल तर दुसरा डोस दुपारी, नाहीतर रात्रभर झोप नाही. आठवड्यातून एकदा तरी साखर तपासा, मधुमेह नसला तरी. तोंडात पांढरा थर दिसला तर ती बुरशी आहे, त्यावर सोपं औषध आहे.

उपाशीपोटाचा नियम आकडीच्या गोळीला लावू नका. लेव्हेटिरासिटाम पाण्याबरोबर चालते. आकडी आली तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

शेकाचा जोर कमी करणाऱ्या गोष्टी

किरणांनी केलेली इजा पक्की व्हायला पेशीत ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन न मिळालेल्या पेशीला मारायला अडीच ते तीन पट किरण लागतात. बिडी-सिगारेटचा कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणून ती आजपासून बंद. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर कारण शोधून घ्या.

ताकदीसाठी म्हणून व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियमच्या मोठ्या डोसच्या गोळ्या नातेवाईक आणून देतात. किरण ज्या वाटेने पेशी मारतात ती वाट अडवणं हेच अँटिऑक्सिडंटचं काम आहे, त्यामुळे या काळात त्या नकोत. ताटातली हळद, आवळा, लिंबू खुशाल खा. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलने माणसांत मेंदूची गाठ शेकाला नरम पडते असं सिद्ध झालेलं नाही. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत, आणि टेमोझोलोमाइडचाही भार यकृतावर पडू शकतो. काढा, भस्म, जे काही चालू असेल ते लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. साखर बंद करून गाठ उपाशी मारण्याच्या नादात रुग्णच वाळतो आणि मास्क सैल होतो.

डोक्याला शेकाआधी तेल, बाम, चंदन काही लावू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि उन्हात सुती टोपी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस त्या भागातून गळतात, ते अपेक्षित आहे.

शेवटच्या शेकानंतर

चार आठवडे कॅप्सूल बंद असते. याच काळात झोप आणि थकवा सर्वांत जास्त वाटू शकतो. मग पहिला एमआरआय होतो, आणि त्यात गाठ मोठी दिसू शकते. शेक आणि कॅप्सूल यांच्या माऱ्याने मेलेल्या पेशींभोवती सूज येते, एमआरआयसाठी शिरेतून दिलेलं रंगद्रव्य तिथे जास्त झिरपतं आणि चित्र वाढलेल्या गाठीसारखंच दिसतं. पहिल्या तीन महिन्यांत हे जास्त होतं, आणि मिथायलेशन असलेल्यांत विशेष. म्हणून एका रिपोर्टवर औषध सोडून देऊ नका. रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर डॉक्टर बहुधा सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करून मगच ठरवतात. त्यासाठी ऑपरेशननंतरच्या आणि प्रत्येक पुढच्या एमआरआयची सीडी जपून ठेवा, नुसती फिल्म नको. शेवटच्या दिवशी सेंटरकडून एकूण किती ग्रे, किती शेक, कोणत्या तारखांना, याचा लेखी सारांश मागून घ्या. पुढे कधी पुन्हा शेक द्यायचा विचार झाला, तर कुठल्याही गावच्या डॉक्टरला आधी तोच कागद लागतो.